आवाज आधी कोणी कमी करायचा?

सोलापुरात मिरवणुकीला आता ठरावीक ऋतू उरलेला नाही. गणेशोत्सव आणि नवरात्र तर आहेतच. त्यांच्या आगेमागे शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि जवळजवळ प्रत्येक समाजाच्या थोर पुरुषाची जयंती येते, आणि त्यांतल्या बऱ्याच मिरवणुकांपुढे ट्रॅक्टरवर रचलेली डीजेची भिंत चालत असते. या भिंतींविरुद्ध शहरात अलीकडे उघडपणे बोलले जाऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. वाईट गोष्ट अशी की ते फार ढिसाळपणे बोलले जाते. एक पक्ष म्हणतो की पोरांवर संस्कारच उरले नाहीत. आईबापांचा धाक गेला, शाळा केवळ गुणांच्या मागे लागल्या, म्हणून हा धिंगाणा. दुसरा पक्ष म्हणतो की पोरांना बोल लावू नका; गिरण्या बंद पडल्या, हाताला काम नाही, नेते पैसे पुरवतात, पोलिसांवर दबाव असतो, हा सारा व्यवस्थेचा खेळ आहे. पहिल्या पक्षाचा उपाय म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास, आणि त्याचे फळ दिसायला एक पिढी जाणार. दुसऱ्याचा उपाय म्हणजे व्यवस्थापरिवर्तन, त्याला किती पिढ्या लागतील हे कोणी सांगत नाही. तोवर बाळीवेशीतल्या दम्याच्या म्हाताऱ्याने काय करावे, याचे उत्तर दोघांकडेही नाही.

माझे म्हणणे असे आहे की दोन्ही पक्ष चुकीच्या जागी पाहत आहेत. एक माणसाच्या अंतःकरणात डोकावतो आणि दुसरा त्याच्या डोक्यावरच्या व्यवस्थेकडे बोट दाखवतो. माणूस मात्र मिरवणुकीत जे करतो ते पुष्कळसे समोरच्या, शेजारच्या आणि मागून येणाऱ्या माणसांकडे पाहून करतो. माणसे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आली की त्यांच्यात एक वेगळाच व्यवहार सुरू होतो, त्याचे स्वतःचे नियम असतात आणि ते नियम ना केवळ स्वभावातून काढता येतात, ना केवळ अर्थकारणातून. समाजशास्त्राने शंभरएक वर्षे या व्यवहाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्या सार्वजनिक चर्चेत मात्र त्यातले जवळजवळ काहीच उतरलेले नाही, आणि डीजेचा वाद त्यामुळेच दरवर्षी त्याच दोन वाक्यांवर येऊन थांबतो.

मॅक्स वेबर हा जर्मन विचारवंत १९२० साली वारला आणि त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या पश्चात १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सामाजिक कृती कशाला म्हणावे, हे सांगताना एक साधा दाखला दिला आहे. दोन सायकलस्वार एकमेकांवर आदळले तर ती केवळ घटना, वीज पडावी तशी. पण धडक टाळण्यासाठी त्यांनी केलेली धडपड आणि धडकेनंतरची शिवीगाळ, मारामारी किंवा सामोपचाराची बोलणी ही सामाजिक कृती, कारण तिचा रोख दुसऱ्या माणसाकडे असतो. पाऊस आला म्हणून रस्त्यावरच्या सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या तर तेवढ्याने ती सामाजिक कृती होत नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले तर वेबरचा हा भेद समजायला ग्रंथ उघडावा लागणार नाही. तेथे प्रत्येक दुचाकीस्वार समोरच्याच्या चाकाकडे कमी आणि डोळ्यांकडे अधिक पाहत असतो. हा थांबेल की घुसेल, याचा अंदाज घेऊन स्वतः थांबतो किंवा घुसतो. वेबरचा आग्रह असा होता की कृतीचे स्पष्टीकरण द्यायचे तर करणाऱ्याने तिला कोणता अर्थ दिला हे आधी समजून घ्या. डीजेपुढे नाचणाऱ्या मुलाने आपल्या कृतीला दिलेला अर्थ ‘मी शेजाऱ्यांना छळतो’ असा असतो काय? मंडळाच्या अध्यक्षाला विचारून पाहा. तो सांगेल की मागच्या मंडळाने मोठा आवाज लावला होता.

अर्थ माणसांच्या देवघेवीत घडतो, हा विचार पुढे अमेरिकेत वाढला. शिकागोच्या जॉर्ज हर्बर्ट मीडचे प्रतिपादन असे की आपल्याला ‘मी’ची जाणीवच मुळी दुसऱ्याच्या जागी जाऊन स्वतःकडे पाहण्यातून होते. मीड १९३१ मध्ये वारला. त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९३४ मध्ये छापली गेली, आणि त्याच्या परंपरेतल्या हर्बर्ट ब्लूमरने १९३७ मध्ये या विचाराला प्रतीकात्मक आंतरक्रियावाद असे भारदस्त नाव दिले. नाव बाजूला ठेवू. चाटी गल्लीतला कापड दुकानदार मीड न वाचताच हा सिद्धांत रोज जगतो. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाच्या लुगड्यावरून, चालीवरून, सोबतच्या माणसाशी बोलताना कानावर पडलेल्या अर्ध्या शब्दावरून तो ठरवतो की मराठीत ‘या ताई’ म्हणायचे, की कन्नडमध्ये, तेलुगूत की दखनीत स्वागत करायचे. आणि गिऱ्हाईकही त्याने काय ठरवले ते ओळखून त्याच भाषेत भाव पाडून मागते. ही कला कोणत्या शाळेने शिकवली? चार भाषांचे हे शहर एकमेकांच्या जागी जाऊन पाहण्यात पटाईत आहे (याचा मला सोलापूरकर म्हणून थोडा अभिमानही आहे). म्हणूनच ‘या लोकांना दुसऱ्याचा विचारच करता येत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. दुसऱ्याचा विचार मिरवणुकीतही चालूच असतो, फक्त तो ‘दुसरा’ खिडकी बंद करून बसलेला म्हातारा नसतो. तो पुढच्या किंवा मागच्या मंडळाचा कार्यकर्ता असतो.

याच ठिकाणी अर्विंग गॉफमन कामाला येतो. हा कॅनडात जन्मलेला संशोधक स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या एका छोट्या वस्तीत राहिला, आणि माणसे एकमेकांसमोर कशी वावरतात हे टिपत राहिला. त्यातून १९५६ साली त्याचे पहिले मोठे पुस्तक झाले. माणूस चारचौघांत स्वतःची एक प्रतिमा मांडतो, इतरांनी ती मानावी अशी अपेक्षा ठेवतो, इतरही सहसा ती सांभाळून घेतात, आणि ती मोडली तर सगळ्यांचाच खोळंबा होतो, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. त्याने रंगमंच आणि पडद्यामागची जागा असा भेद केला. उत्सवाआधी पोलीस आयुक्तालयात होणारी शांतता समितीची बैठक हा निखळ रंगमंच आहे. तेथे प्रत्येक मंडळाचा प्रतिनिधी ‘आम्ही नियम पाळू’ असे सांगतो, अधिकारी आभार मानतात, चहा होतो. जिन्यावरून उतरताना मात्र प्रत्येकाचा हिशेब एकच असतो: बाकीचे पाळणार नाहीत. मग विसर्जनाच्या रात्री मधला मारुतीजवळ दोन मिरवणुका एकमेकींजवळ येतात. मागून कोणी तरी ओरडते, ‘अध्यक्ष, आपला आवाज दबतोय!’ आता अध्यक्षाने काय करावे? तो घरी अत्यंत सज्जन असेल, त्याचा स्वतःचा बाप हृदयविकाराचा असेल, पण त्या क्षणी आवाज बारीक करणे म्हणजे तीनशे पोरांदेखत हरणे. त्या क्षणाला त्याचे संस्कार उत्तर देत नाहीत आणि त्याची बेकारीही देत नाही. त्या चौकातली त्याची जागा उत्तर देते.

संस्कारवाद्यांचे म्हणणे मी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो, कारण त्याची टिंगल करणे सोपे आहे आणि टिंगलीने काही सिद्ध होत नाही. ते विचारतात: परिस्थिती सगळ्यांना सारखीच असते, मग काही जण का वाहवत नाहीत? शंभरांतला जो एक जण ‘मला हे पटत नाही’ म्हणून मंडळ सोडतो, त्याच्यात काही तरी वेगळे असलेच पाहिजे. ते वेगळे म्हणजेच संस्कार. आणि सगळे परिस्थितीवर ढकलले तर कोणालाच जबाबदार धरता येणार नाही. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. माणसामाणसांत फरक असतो, तो बालपणात घडतो आणि तो महत्त्वाचा असतो. डेनिस राँग या समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये आपल्याच सहकाऱ्यांना बजावले होते की तुम्ही माणसाला समाजाच्या साच्यातून जसाच्या तसा निघालेला समजू लागला आहात, आणि माणूस तसा नसतो. पण संस्कारवाद्यांना मी एकच प्रश्न विचारतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेत अनवाणी चालतात, नंदीध्वजाची उंच आणि जड काठी पेलणाऱ्याच्या पावलाशी भोवतालचे सगळे पाऊल जुळवतात, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’चा गजर होतो आणि अक्षता पडताना संमती कट्ट्याभोवतीचा अफाट समुदाय एका शब्दासाठी शांत उभा राहतो. हे लोक कोण आहेत? याच पेठांतले. त्यांच्यावरचे संस्कार जानेवारीत उगवतात आणि सप्टेंबरात मावळतात काय?

यावर कोणी म्हणेल की नंदीध्वजाचे मानकरी वेगळे, त्यांच्याकडे परंपरेने आलेला मान आहे, ते आधी सराव करतात. डीजेपुढचा जमाव कोणीही असतो. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तोच माझ्या बाजूचा पुरावा आहे. मान, सराव, ठरलेली जागा, कोणाच्या मागे कोण हे आधीपासून पक्के असणे, या साऱ्या गोष्टी माणसाच्या मनात नसून माणसांच्या मांडणीत आहेत. गड्ड्यात कोणाला कोणावर मात करून दाखवायची नसते, कारण क्रम शतकांपूर्वी ठरला आहे. डीजेच्या मिरवणुकीत क्रम, आवाज, वेळ, थांबा हे सारे जागच्या जागी, एकमेकांवर कुरघोडी करत ठरते. गड्ड्यातल्या जुन्या मानपानात जातिव्यवस्थेची उतरंडही मुरलेली आहे हे मी विसरत नाही, आणि तीच उतरंड सगळीकडे आणावी असे मला मुळीच सुचवायचे नाही. मुद्दा इतकाच की तीच माणसे दुसऱ्या मांडणीत दुसरे वागतात.

माणसाच्या आत डोकावून त्याचे वागणे ठरवण्याची सवय किती टोकाला जाऊ शकते, हे सोलापूरइतके दुसऱ्या शहराला क्वचितच ठाऊक असेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. अशा जमातींतल्या लोकांना तारेच्या कुंपणात डांबून, हजेरी लावून, गिरण्यांत कामाला पाठवणाऱ्या वसाहतींपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती, आणि त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात. ‘यांच्या रक्तातच आहे’ हा त्या कायद्याचा पाया होता. ‘यांच्यावर संस्कारच नाहीत’ हे त्याचे सौम्य, सुशिक्षित भावंड आहे. १९५२ मध्ये कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा केला आणि नजर तीच राहिली. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिले की कृत्य स्वतःहून विकृत नसते, इतरांनी यशस्वीपणे चिकटवलेल्या शिक्क्यामुळे माणूस विकृत ठरतो. बेकरने हे जॅझ वाजवणारे आणि गांजा ओढणारे पाहून लिहिले. सेटलमेंट पाहून लिहिले असते तर कदाचित अधिक रागाने लिहिले असते. चोरी झाली की पहिली झडती कोणत्या वस्तीची, हे जर आधीच ठरलेले असेल, तर त्या वस्तीतल्या मुलाला प्रामाणिकपणा दाखवायला जागा तरी कुठे मिळणार? आज डीजेपुढे नाचणाऱ्या अमुक समाजाच्या, तमुक पेठेच्या पोरांविषयी आपण जे बोलतो, ते बोलताना हा इतिहास ध्यानात असावा.

आता दुसरा पक्ष. त्याचे म्हणणे मला अधिक जवळचे आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद अधिक काळजीपूर्वक घालायला हवा. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबले, शिकलेली मुले पुण्याची बस धरतात, मागे उरलेल्यांना मंडळाचा कार्यकर्ता होण्यापलीकडे प्रतिष्ठेची दुसरी जागा सहजी मिळत नाही, आणि निवडणूक लढवू इच्छिणारा मनुष्य डीजेचे भाडे भरून ती प्रतिष्ठा स्वस्तात विकत घेतो. हे सर्व खरे आहे. गॉफमनवरही हा आक्षेप त्याच्या हयातीतच आला. अ‍ॅल्विन गोल्डनरने १९७० मध्ये म्हटले की या सिद्धांतात माणसे नाटक करताना दिसतात, पण नाट्यगृहाची मालकी कोणाची ते दिसत नाही. आक्षेप बिनतोड आहे. चौकातली देवघेव हवेत तरंगत नाही, आणि कोणाच्या हातात पैसा व पोलीस आहेत यावर ती अवलंबून असते.

पण व्यवस्था माणसापर्यंत पोहोचते कशी? ती आकाशातून उतरत नाही. जातीचाच विचार करू, कारण आपल्याकडे व्यवस्था म्हणून जातीइतकी भक्कम दुसरी गोष्ट नाही. सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. म्हणजे कागदावरची व्यवस्था बदलली होती. तहान आणि इच्छा तर पूर्वीपासून होतीच. तरी तळ्यावर कोणी गेले नाही, कारण तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत कोणताही ठराव पोहोचला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि न्यायालयातला वाद उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत म्हणजे १९३७ पर्यंत चालला. बाबासाहेबांनी १९२७ मध्येच स्पष्ट केले होते की ते पाणी प्यायल्याने आम्ही काही अमर होणार नाही. आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जायचे आहे. पाणी पिण्याच्या एका साध्या कृतीत सारी व्यवस्था रोज नव्याने घडत होती, आणि ती मोडायचीही तेथेच, हे त्यांना पुरते उमगले होते. ते व्यवस्थेचे शत्रू होते, पण व्यवस्था बदलेपर्यंत थांबा असे ते म्हणाले नाहीत.

महाडातून आणखी एक गोष्ट निघते, आणि डीजेच्या प्रश्नात ती सर्वांत उपयोगाची आहे. एकटा मनुष्य तळ्यावर गेला असता तर त्याचे काय झाले असते? आरंभ एकट्याने करणे आणि आधी शंभर जण दिसल्यावर सामील होणे, यांत केवळ धैर्याचा फरक नसतो. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७८ मध्ये हे एका काल्पनिक गणिताने दाखवले. शंभर माणसांचा जमाव घ्या. पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड मारतो, दुसरा एकाने मारलेला पाहिला की मारतो, तिसरा दोघांनी, असे शंभरापर्यंत. अशा जमावात सगळेच्या सगळे शंभर दंगलीत उतरतील. आता एकच बदल करा: एकाला पाहून उतरणारा माणूस काढा आणि त्याच्या जागी दोघांना पाहून उतरणारा ठेवा. दगड एकच पडेल. दोन्ही जमावांची माणसे जवळजवळ तीच, सरासरी वृत्ती जवळजवळ तीच, आणि परिणाम शंभर विरुद्ध एक. ग्रॅनोव्हेटर म्हणतो की पहिल्या प्रसंगाची बातमी दंगलखोर जमावाची होईल, दुसऱ्याची एका माथेफिरूची. आमच्याकडचे मंडळांचे गणित याहून फारसे निराळे नाही. ‘दुसऱ्या दहांनी आवाज कमी केला तर आम्हीही करू’ असे म्हणणारी मंडळे पुष्कळ असतील. लेझीम आणि ढोल-ताशावर परतलेली मंडळेही शहरात आहेत. अडचण आहे ती पहिल्याच्या जागी उभे राहणाऱ्याची. संस्कारवादी त्या जागी संत शोधतात आणि व्यवस्थावादी म्हणतात की तेथे कोणी उभेच राहू शकणार नाही.

काही अर्थशास्त्री वळणाचे समाजशास्त्रज्ञ म्हणतील की हा सरळ लाभहानीचा हिशेब आहे, त्यात एवढे मानापमानाचे पाल्हाळ कशाला. जॉर्ज होमन्सने १९५८ मध्ये माणसांच्या व्यवहाराकडे देवघेवीचा सौदा म्हणून पाहिले, आणि वर्गणीचे आकडे पाहणाऱ्या मंडळाच्या खजिनदाराला ते लगेच पटेल. पण हिशेबात ‘जिंकणे’ म्हणजे काय, हे आधी कोणी ठरवले? मोठा आवाज म्हणजे मोठे मंडळ, हे समीकरण कोणत्याही वहीत जन्माला आलेले नाही.

वस्तूचा अर्थ माणसांमध्ये ठरतो आणि तो बदलता येतो, याचा दाखला या शहराला शोधायला लागू नये. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, चौक्यांवर आणि न्यायालयावर जमाव चालून गेला, पोलिसांना काढता पाय घ्यावा लागला, आणि काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहर सांभाळले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. या साऱ्या इतिहासात मला दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या वाटतात. एक, त्याच आठवड्यात, त्याच पेठांतल्या लोकांनी जाळपोळही केली आणि बंदोबस्तही ठेवला. यांचे संस्कार कोणते म्हणावेत? दोन, मार्शल लॉच्या अंमलात गांधी टोपी घालणाऱ्याला शिक्षा होत असे. पांढऱ्या कापडाच्या एका टोपीला साम्राज्य भ्याले ते कापडामुळे नव्हे. ती डोक्यावर पाहिली की समोरच्याच्या डोक्यात काय येते, याची त्या सरकारला भीती होती. आमच्या आजच्या वादपटूंना जे कळत नाही ते त्या फौजी अधिकाऱ्यांना कळले होते, असे म्हणायला मला खेद होतो.

खिडकी बंद करून बसलेल्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण तेही या देवघेवीतले एक पात्र आहेत. गॉफमनने १९६३ मध्ये एका शिष्टाचाराचे वर्णन केले: अनोळखी माणसाची क्षणभर दखल घ्यायची आणि लगेच नजर वळवायची, म्हणजे त्याला घूरल्यासारखे होत नाही आणि दुर्लक्षही होत नाही. शहरे या शिष्टाचारावर चालतात. मात्र त्याचेच रूपांतर मिरवणुकीच्या रात्री एका सामूहिक गैरसमजात होते. प्रत्येक घर नजर वळवते, म्हणून प्रत्येक घराला वाटते की त्रास फक्त आपल्यालाच आहे, बाकीच्यांना हे आवडते. नाचणाऱ्यांनाही हेच वाटते, आणि बंद खिडक्या पाहून त्यांनी तसा अर्थ काढला तर त्यांना पूर्ण चूक म्हणता येत नाही. तक्रार करावी तर नाव फुटेल, उद्या वर्गणीला तीच पोरे दारात येतील, आणि आपण धर्मविरोधी किंवा समाजविरोधी ठरू. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांविषयीच्या एका प्रकरणात तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करण्याविषयी जे सांगितले, ते मला त्या निकालातल्या सगळ्या धर्मचर्चेपेक्षा मोलाचे वाटते. पेठेत शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभे न करता नियम कसा चालेल, याचा विचार त्यात आहे.

नियम नवे नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी, वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केले. मग नियम लागू का होत नाहीत, या प्रश्नाला ‘पोलीस दबतात’ हे उत्तर अर्धवट आहे. नियम अंमलात येतो तेव्हा तो केवळ दंडाची भीती घालत नाही, तो वाकणाऱ्याला निमित्तही पुरवतो. ‘आपला आवाज दबतोय’ म्हणून ओरडणाऱ्या पोरांना अध्यक्षाला ‘मला म्हाताऱ्यांची दया आली’ असे सांगता येत नाही, पण ‘साहेबांनी मशीनच बंद करायला लावली, सगळ्यांचीच’ असे सांगता येते. या वाक्यातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. एकट्या मंडळावर कारवाई झाली की तो अपमान ठरतो आणि पुढच्या वर्षी त्याचा वचपा काढला जातो. सर्वांवर एकाच चौकात एकाच मापाने झाली की ती अध्यक्षाची सुटका ठरते. निवडक गुन्हे दाखल करून, तेही उत्सव संपल्यावर, आपली यंत्रणा नेमके उलटे करते.

यामुळे दोषी सुटतात काय? मला तसे वाटत नाही. मांडणी वागणे घडवते असे म्हणणे आणि मांडणी करणाऱ्यांना मोकळे सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, जबाबदारी अधिक नेमकी होते. वीस वर्षांच्या नाचणाऱ्या पोरापेक्षा भाडे भरणारा, बैठकीत मान डोलावून बाहेर डोळा मारणारा, आणि अमुक समाजाच्या मिरवणुकीपुढे हात जोडून तमुक समाजाच्या मिरवणुकीचे मोजमाप करणारा अधिकारी यांची जबाबदारी मोठी ठरते, कारण पहिल्याची जागा रिकामी ठेवण्याचे काम ते करतात.

म्हणून शांतता समितीची बैठक प्रत्येक उत्सवाच्या तोंडावर त्या त्या समाजाची वेगळी घेण्याची पद्धत बंद व्हावी. गड्डा यात्रा आटोपल्यावर आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपूर्वी सर्व समाजांच्या मंडळांना एकाच वेळी, एकाच सभागृहात बोलवावे. वर्षभराची एकच मर्यादा ठरवावी आणि ती पाळण्याचे वचन प्रत्येकाने इतरांच्या देखत द्यावे. ‘आमच्यापासूनच सुरुवात का’ हा पहिला प्रश्न येईल आणि तो रास्त असेल, कारण पंचांगात कोणाची तरी तिथी आधी येणारच; त्याचे उत्तर पहिल्या मिरवणुकीपासून शेवटच्या मिरवणुकीपर्यंत एकाच जागी घेतलेले मोजमाप हेच असू शकते. मोजमापाचे यंत्र मार्गावरच्या ठरलेल्या दोन-तीन चौकांत सर्वांना दिसेल असे लावावे, आणि प्रत्येक मंडळाचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या फलकावर लिहावा, ज्या मंडळाच्या व्यासपीठावर पालकमंत्री उभे होते त्याचाही.